माणूस गेला की काय उरतं? शॉकली, फेअरचाइल्ड आणि १८७२ चा कायदा



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आजच्या गोष्टीत एकही गोळी झाडली जात नाही. पण पलटण फुटते, अधिकारी सोडून जातात, गुपितं पळवली जातात आणि शेवटी तहही होतो. त्यामुळे माझ्यासारख्या फौजी माणसाला ती परकी वाटत नाही.

विषय असा की, दहा-वीस माणसांची एखादी तंत्रज्ञानाची कंपनी असते. तिची खरी मालमत्ता दोन-चार हुशार डोक्यांत असते. ती डोकी रोज संध्याकाळी घरी जातात, आणि एखाद्या दिवशी परत येत नाहीत. मग कंपनीजवळ काय उरतं? इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर इथले आपले मराठी उद्योजक भेटले की हा प्रश्न हमखास निघतो. मी वकील नाही. सिग्नल्समध्ये तीसेक वर्षं काढली, तेव्हा ट्रान्झिस्टर आणि वायरलेस सेट यांच्याशी संबंध आला, आणि माणसं सांभाळण्याशी तर रोजच आला. म्हणून उत्तर इतिहासातून शोधू.

सुरुवात डिसेंबर १९४७ पासून करू. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या प्रचंड मोठ्या संशोधन संस्थेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन या दोघांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांच्या गटाचे प्रमुख होते विल्यम शॉकली. मूळ कल्पनेचा पाया आपला आहे, असं शॉकलींचं मत होतं. पण पेटंटच्या अर्जावर नावं पडली फक्त बार्डीन आणि ब्रॅटन यांची. शॉकलींना हे इतकं झोंबलं की त्यांनी आपल्याच गटापासून लपवून काम सुरू केलं आणि महिन्याभरात, जानेवारी १९४८ मध्ये, त्याहून चांगल्या अशा जंक्शन ट्रान्झिस्टरची मांडणी केली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पेटंटवर नाव नसल्याचं दुःख काय असतं, ते शॉकलींना चांगलं ठाऊक होतं. पुढे ते स्वतः मालक झाले तेव्हा मात्र त्यांना या दुःखाचा विसर पडला.

१९५६ मध्ये शॉकलींनी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू या गावी स्वतःची प्रयोगशाळा काढली. पैसा अर्नोल्ड बेकमन या उद्योगपतींचा होता. त्या काळी तो परिसर जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांचा. सिलिकॉनचं नावही तिथे कुणाला माहीत नव्हतं. बेल लॅबोरेटरीजमधले जुने सहकारी यायला तयार होईनात, म्हणून शॉकलींनी देशभरातून तरुण पोरं निवडली, बहुतेक तिशीच्या आसपासची. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी, जे लास्ट, शेल्डन रॉबर्ट्स, यूजीन क्लायनर, व्हिक्टर ग्रिनिच, ज्युलियस ब्लँक. निवड इतकी अचूक की अशी तुकडी पुन्हा कुणाला जमली नसेल. त्याच वर्षी शॉकलींना बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासह नोबेल जाहीर झालं. म्हणजे कीर्ती होती, पैसा होता, माणसं होती. दीड वर्षात सगळं मोडलं.

का मोडलं? शॉकलींनी पगारांची यादी भिंतीवर लावली, आणि कुणाला किती मिळतं यावरून कुजबुज सुरू झाली. एखाद्याने प्रयोगाचा निष्कर्ष आणला की शॉकली तो बेल लॅबोरेटरीजमधल्या जुन्या मित्रांना फोन करून पडताळून बघत, तेही त्या माणसाच्या समोर. एकदा तिथल्या सेक्रेटरीच्या हाताला काहीतरी टोचलं. शॉकलींना वाटलं हा घातपात आहे, आणि त्यांनी लोकांची लाय डिटेक्टरवर चाचणी घ्यायचं काढलं. रॉबर्ट्स यांनी ती टोचलेली वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर निघाली डोकं तुटलेली साधी टाचणी! त्यातच शॉकलींनी सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं काम मागे सारून आपल्या आवडीच्या चार थरांच्या डायोडवर सगळा भर दिला. तो डायोड बनवायला अवघड होता आणि त्याला गिऱ्हाईक कमी होतं.

फौजेत एक गोष्ट लवकर कळते. शिपाई कडक साहेबाला घाबरत नाही; कडक साहेब बऱ्याचदा त्याला आवडतोही. तो घाबरतो संशयी साहेबाला. कामात चूक झाली तर शिक्षा होईल हे त्याला मान्य असतं, पण चूक नसतानाही आपल्याकडे चोरासारखं बघितलं जाईल, हे त्याला सहन होत नाही. संशोधन करणाऱ्या माणसाला तर नाहीच नाही, कारण त्याच्या दहा प्रयोगांपैकी नऊ फसणारच असतात.

ही मंडळी लगेच पळून गेली नाहीत. आधी ती रीतसर बेकमनसाहेबांकडे गेली. म्हणणं एवढंच होतं, की शॉकलींना सल्लागार ठेवा आणि रोजच्या कामावर दुसरा कुणी व्यवस्थापक नेमा. आमच्या भाषेत याला ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ म्हणतात. बेकमन आधी अनुकूल होते, नंतर त्यांनी शॉकलींचीच बाजू घेतली. तेव्हा क्लायनर यांनी आपल्या वडिलांच्या ओळखीने न्यूयॉर्कच्या हेडन स्टोन या गुंतवणूक संस्थेला पत्र लिहिलं. तिथला आर्थर रॉक नावाचा तरुण अधिकारी आपल्या वरिष्ठांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला आला. कराराचा कागद तयार नव्हता, म्हणून एक-एक डॉलरच्या कोऱ्या नोटा काढल्या आणि त्यांवर सर्वांनी सह्या केल्या. रॉक यांनी तीसेक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. शेवटी हो म्हणाले ते शर्मन फेअरचाइल्ड. कॅमेरे आणि विमानं बनवणारा हा गृहस्थ आयबीएमचा मोठा भागधारक होता. १८ सप्टेंबर १९५७ रोजी आठही जणांनी राजीनामे दिले. फेअरचाइल्डच्या कंपनीने नव्या उद्योगाला सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर दिले आणि बदल्यात ३० लाख डॉलरला सगळी कंपनी विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला. आठ जणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून शंभर-शंभर शेअर घेतले.

या मंडळींना पुढे ‘आठ गद्दार’ असं नाव पडलं. सैनिकाच्या कानाला हा शब्द बोचतो, म्हणून मी त्यावर बराच विचार केला आहे. सैनिक शपथ घेतो ती संविधानाची. कमांडिंग अधिकाऱ्याची नाही. आणि नोकरदार तर अशी कुठलीच शपथ घेत नाही. तो करार करतो. ज्याने वरपर्यंत दाद मागितली, ती मिळाली नाही, आणि मग राजीनामा देऊन उजळ माथ्याने दाराबाहेर पडला, त्याला मी गद्दार म्हणणार नाही. दारातून बाहेर पडताना त्याने काय उचलून नेलं, हा प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येतो.

आधी कायदा बघू. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १८७२ पासून एक कलम आहे. एखाद्याला त्याचा कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो, असा त्याचा आशय. म्हणजे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असं लिहून घेतलं तरी त्या राज्यात ते टिकत नाही. १९९९ मध्ये रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकांनी मांडलं, की सिलिकॉन व्हॅली बहरली आणि बॉस्टनजवळचा तंत्रज्ञानाचा पट्टा मागे पडला, यात या कलमाचा मोठा वाटा आहे. कारण मॅसॅच्युसेट्समध्ये अशी बंधनं टिकत, माणसं अडकून पडत आणि त्यांच्याबरोबर कल्पनाही.

आता गंमत ऐका. त्याच १८७२ साली आपल्याकडे भारतीय करार कायदा झाला. त्याचं कलम २७ काढून वाचा. जवळजवळ तेच! हा योगायोग नव्हता. डेव्हिड डडली फील्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलाने आपल्या राज्यासाठी दिवाणी संहितेचा मसुदा केला होता. न्यूयॉर्कने तो स्वीकारला नाही. पण त्यातलं हे कलम एकीकडे कॅलिफोर्नियाने उचललं आणि दुसरीकडे आपल्याकडचा कायदा लिहिणाऱ्यांनी.

१८७४ मध्ये कलकत्ता हायकोर्टापुढे एक खटला आला. एकाच भागात पितळी भांड्यांची दोन दुकानं होती. एकाने दुसऱ्याला सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, तुझ्या कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो. दुसऱ्याने दुकान बंद केलं, पहिल्याने पैसे दिले नाहीत. कोर्टाने निकाल दिला की हा करारच निरर्थक आहे. बिचाऱ्याचं दुकानही गेलं आणि पैसेही. पण तत्त्व पक्कं झालं.

पुढे १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टात सेंच्युरी स्पिनिंग कंपनीचा खटला गाजला. कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा बनत होता. तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं. एका शिफ्ट सुपरवायझरला त्याचं प्रशिक्षण देऊन पाच वर्षांचा करार केला होता. तो मुदत संपण्याआधीच निघाला आणि राजस्थानात कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाला. कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराची मुदत चालू असेपर्यंत असं बंधन वैध आहे. मुदत संपल्यावर काय? २००६ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या जाहिरातींच्या करारावरून सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की करार संपल्यानंतरचं बंधन कलम २७ खाली टिकत नाही. तेव्हा नेमणूकपत्रात ‘सोडल्यावर तीन वर्षं कुठेही काम करणार नाही’ असं छापणाऱ्या मालकांनी हे नीट समजून घ्यावं. तो कागद धाक दाखवण्यापुरता आहे, कोर्टात चालण्यापुरता नाही. गुप्त माहिती न फोडण्याचं बंधन मात्र नोकरी सुटल्यावरही राहू शकतं. माणसाला अडवता येत नाही, गुपिताला कुंपण घालता येतं.

पण कुंपण घालायचं तर गुपित कुठलं, ते आधी लिहिलेलं हवं. इथे फेअरचाइल्डची दुसरी गोष्ट येते.

१९५८ मध्ये फेअरचाइल्डने आयबीएमला पहिले शंभर ट्रान्झिस्टर प्रत्येकी १५० डॉलरला विकले. त्यांची रचना उंचवट्यासारखी होती, आणि कडा उघड्या असल्याने धुळीचा कण बसला तरी भाग निकामी होई. यावरचा उपाय होर्नी यांनी १ डिसेंबर १९५७ रोजीच आपल्या वहीत लिहून ठेवला होता: सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर तसाच राहू द्यायचा, म्हणजे तोच आतल्या भागाचं रक्षण करील. कल्पना वर्षभर वहीत पडून राहिली. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी रीतसर टिपण तयार केलं. कंपनीच्या पेटंट वकिलाने सर्वांना विचारलं, या पद्धतीचा आणखी कशाकशाला उपयोग होईल? त्या एका प्रश्नाने नॉइस विचारात पडले. २३ जानेवारी १९५९ च्या वहीच्या पानावर त्यांनी लिहिलं, की वर ऑक्साइडचं आवरण असेल तर त्यावरून धातूच्या पट्ट्या नेऊन एकाच तुकड्यावरचे सगळे भाग जोडता येतील. आपल्या हातातल्या फोनमधली प्रत्येक चिप या पानाची वंशज आहे.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी सप्टेंबर १९५८ मध्ये आधीच एकसंध सर्किट करून दाखवलं होतं आणि ६ फेब्रुवारी १९५९ रोजी अर्ज केला होता. पण त्यांच्या नमुन्यात जोडणी बाहेरून सोन्याच्या तारांनी केलेली होती. नॉइस यांचा अर्ज ३० जुलैला गेला आणि पेटंट आधी त्यांनाच मिळालं, एप्रिल १९६१ मध्ये. मग भांडण जुंपलं. १९६९ मध्ये अपिलात नॉइस यांच्या बाजूने निकाल लागला. पण त्याची वाट न बघता दोन्ही कंपन्यांनी १९६६ मध्येच तह करून टाकला होता: एकमेकांचे हक्क मान्य करायचे आणि एकमेकांना परवाने द्यायचे. दोन्हीकडच्या व्यवस्थापकांना कळलं होतं की कोर्टात जिंकेपर्यंत बाजार तिसराच कुणी घेऊन जाईल.

आता उचलून नेण्याबद्दल. मार्च १९५९ मध्ये फेअरचाइल्डचे जनरल मॅनेजर एड बाल्डविन काही माणसं घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी रीम सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. त्यांच्याबरोबर फेअरचाइल्डची उत्पादनाची लेखी कृतीही गेली. खटला झाला, तडजोड झाली. पण खरा न्याय कोर्टाबाहेर झाला. पळवलेली कृती जुन्या उंचवट्याच्या ट्रान्झिस्टरची होती, आणि फेअरचाइल्ड तोवर होर्नींच्या नव्या पद्धतीकडे वळत होतं. चोराच्या हाती कालचा नकाशा लागला.

मग फेअरचाइल्ड टिकलं का? नाही. १९५९ मध्ये मूळ कंपनीने हक्क बजावून आठ जणांचे शेअर विकत घेतले. प्रत्येकाला अडीच-तीन लाख डॉलर मिळाले, पण मालकीचा संबंध तुटला. निर्णय न्यूयॉर्ककडच्या मुख्यालयात होऊ लागले, नफा तिकडे जाऊ लागला, आणि काम करणाऱ्यांना शेअरचा वाटा देण्यात तिकडचे लोक हात आखडता घेऊ लागले. १९६१ मध्ये होर्नी, लास्ट, रॉबर्ट्स आणि क्लायनर गेले. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर गेले आणि त्यांनी इंटेल काढली. शॉकलींनी माणसं संशयाने घालवली, फेअरचाइल्डने ती कंजुषीने घालवली.

इंटेलमध्ये या दोघांनी शिकलेले धडे वापरले. कर्मचाऱ्यांना शेअरचे पर्याय दिले. वेगळी संशोधन प्रयोगशाळा ठेवली नाही. नवं तंत्र थेट उत्पादनाच्या जागीच घडवायचं, म्हणजे ते एका खोलीत आणि एका डोक्यात अडकत नाही. आणि बौद्धिक संपदेचा एक धडा तर प्रत्येक छोट्या कंपनीने भिंतीवर लावावा असा. जपानच्या बिझीकॉम कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलने ४००४ ही चिप केली. तिचे हक्क करारानुसार बिझीकॉमकडे होते. १९७१ मध्ये बिझीकॉम पैशाच्या अडचणीत आली आणि किंमत कमी करा म्हणाली. इंटेलने विकासखर्चाचे ६०,००० डॉलर परत केले आणि बदल्यात कॅल्क्युलेटरखेरीज इतर कामांसाठी ती चिप विकण्याचा हक्क घेतला. मायक्रोप्रोसेसरचा सगळा धंदा त्या सौद्यावर उभा राहिला. त्या चिपच्या रचनेचं काम फेदेरिको फॅजिन यांनी तडीस नेलं होतं, आणि तेही फेअरचाइल्डमधूनच आले होते. १९७४ मध्ये ते इंटेल सोडून गेले आणि त्यांनी झायलॉग काढली. इंटेल काही बुडाली नाही.

आता आपल्याकडे येऊ. फौजेत दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग येतं. कितीही चांगला अधिकारी असो, तो जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. म्हणून प्रत्येक पदाची हँडिंग ओव्हर नोट असते: काय चालू आहे, काय अडलं आहे, कुठला सेट कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे. नवा माणूस जुन्याबरोबर काही दिवस फिरतो, सह्या होतात, मगच जुना निघतो. माणूस कायम राहील असं धरून चालणारी युनिट पहिल्या बदलीतच उघडी पडते.

निवृत्तीनंतर मी अशाच एका छोट्या कंपनीला काही काळ मदत करत होतो. नाव सांगत नाही. तिथला मुख्य अभियंता सोडून चालला. मालक संतापले, वकिलाची नोटीस तयार झाली. मी विचारलं, त्याने केलेल्या कामाची कंपनीकडे लेखी नोंद काय आहे? शोधाशोध झाली. निघालं काय, तर त्याच्या लॅपटॉपवरच्या काही फायली आणि एक बाहेरून करून घेतलेलं सॉफ्टवेअर, ज्याचा लेखी करारच नव्हता. मी म्हटलं, नोटीस खिशात ठेवा आणि मुलाला चहाला बोलवा. तो आला. तीन आठवडे त्याने बसून सगळं लिहून दिलं, दोन कनिष्ठांना शिकवलं, आणि मालकांनी त्याला ठरलेल्या पगाराखेरीज त्या कामाचं वेगळं मानधन दिलं. आजही अडलं की तो फोन उचलतो. नोटीस गेली असती तर उचलला असता का?

त्या वेळी वकिलांशी बोलून जे समजलं, ते थोडक्यात सांगतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याने मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्याचं तसं नाही. तिथे लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शोधाचं, म्हणजे पेटंटचं, तर आणखी वेगळं. तिथे खऱ्या शोधकाचा हक्क कंपनीकडे यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. हे कागद पहिल्या दिवशी, दोघं हसतमुख असताना करायचे. सोडून जाण्याच्या दिवशी सही मागितली तर ती मिळत नाही, किंवा महाग पडते.

आणि कागदाबरोबर वही. रोजची तारीख, काय केलं, काय फसलं, आणि शेजारी दुसऱ्याची सही. फसलेल्या प्रयोगाची नोंद तर आधी. पुढच्या माणसाचे सहा महिने त्यानेच वाचतात.

शॉकलींची प्रयोगशाळा १९६० मध्ये विकली गेली. ते पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. ज्या धंद्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली, त्यात पैसा मात्र त्यांनी निवडलेल्या माणसांनी कमावला. आपल्याकडे कलम २७ दीडशे वर्षांपासून आहे. कितीतरी मालकांना ते शत्रूचं वाटतं. मला वाटतं ते छोट्या कंपनीचंच हत्यार आहे. मोठ्या कंपनीत कंटाळलेला हुशार माणूस तुमच्याकडे येऊ शकतो तो त्याच कलमामुळे. ज्या दाराने तो येतो, त्याच दाराने कधीतरी जाईल. तेव्हा दाराला कुलूप शोधण्यात वेळ घालवू नका. वही लिहून घ्या, वाटा द्या, आणि जाणाऱ्याला दारापर्यंत सोडायला जा.

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर भेटू. जय हिंद.